शेऱ्याचा रकाना

"छत्तीस टक्के," गुळवे सर म्हणाले.

"मघाशी पण छत्तीसच होतं की."

"मघाशी ते नुकतंच छत्तीस झालं होतं, शेटेबाई. आता पुरतं छत्तीस आहे."

आमच्या मंडळाच्या कचेरीत आम्ही दोघं एका जुन्या लॅपटॉपसमोर बसलो होतो, साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांसारखे, गुडघ्यांवर हात ठेवून. पडद्यावर एक गोल फिरत होता. शनिवारची दुपार होती, बाहेर बार्शीचं ऊन आणि आत टेबलफॅन. फॅनचं तोंड आमच्याकडे नव्हतं, लॅपटॉपकडे होतं. "तापलं तर बंद पडतं," सर म्हणाले होते. आम्ही तापलो तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

गुळवे सर मंडळाचे तांत्रिक विभागप्रमुख. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे ज्याला ज्याला वायर आहे ते ते सगळं त्यांच्याकडे, असं अध्यक्ष अप्पासाहेब हिंगमिरे यांनी एकदा जाहीर केलं होतं. त्यामुळे मिक्सर दुरुस्तीलाही लोक त्यांच्याकडे जात. विभागात ते प्रमुख, आणि विभाग म्हणजे मी. माझ्या पदाला नाव नव्हतं. पत्रिकेत 'विशेष सहकार्य' म्हणून शेवटून दुसरी ओळ असायची, मंडपवाल्याच्या वर.

आमचं हे समाजाचं वधूवर सूचक मंडळ. अकरा वर्षं मी तिथं स्थळांची नोंदणी करत होते. दहावीनंतर मराठी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेली, तेवढंच माझं शिक्षण. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. लसूण सोलता सोलता मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि जिथं अडलं तिथं दोन दिवस अडून बसले, एवढाच माझा कोर्स.

लॅपटॉपमधली जुनी सिस्टिम चांगली चालली होती. पण अप्पासाहेबांनी पुण्याहून प्रोजेक्टर आणला. यंदाच्या मेळाव्यात छापील पुस्तिका नाही, सगळी स्थळं मोठ्या पडद्यावर. आणि तो पुण्याचा प्रोजेक्टर आमच्या सात नंबरच्या विंडोज सिस्टिमला ओळखच देईना. मग ठरलं, सात काढायची आणि दहा टाकायची. मेळावा रविवारी, म्हणून शनिवारी. आमच्याकडे विहीर तहान लागल्यावरच खणतात.

"बॅकअप घेतलाय मी," सरांनी सकाळी आल्या आल्या सांगितलं आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवून वरून थोपटला.

"किती वेळ लागला, सर?"

"दोन सेकंद."

मला शंका आली. चारशे बारा स्थळं, त्यांच्या मामांची आडनावं, आत्यांची गावं. आमच्यात नुसते मामा मोजायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. बघू म्हणून मी पेनड्राइव्ह मागून घेतला आणि सर चपला काढायला गेले तसा लावून बघितला. पडद्यावर जी चित्रं होती ती सगळी त्यांनी उचलून आणली होती. म्हणजे घर हलवताना दारावरची पाटी टेम्पोत घालावी आणि घर तिथंच सोडावं, तसं. खरी फाइल शोधून माझ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि त्यांचा त्यांच्या खिशात परत दिला. विभागप्रमुखांचा खिसा रिकामा दिसू नये.

"सदतीस," सर म्हणाले.

माझं लक्ष सदतिसाकडे नव्हतं. उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिलाच विषय होता: 'मंडळामार्फत जमलेल्या विवाहाची घोषणा व साखरपुडा. चि. निरंजन हिंगमिरे आणि चि. सौ. कां. गौतमी कोरे.' निरंजन हा अप्पासाहेबांचा सख्खा पुतण्या, पुण्यात स्वतःची कंपनी. गौतमी ही माझ्या मैत्रिणीची, कुंदाची मुलगी. कुंदा बालवाडीत शिकवते. नवरा गेला तेव्हा गौतमी नऊ वर्षांची होती. पोरगी बी. फार्म. झाली, औषधांच्या दुकानात उभी राहिली, आणि आता थेट अध्यक्षांच्या घरात चालली होती. गावात सगळ्यांना आनंद झाला होता. ज्यांना झाला नव्हता त्यांनीही झाल्याचं सांगितलं होतं.

आणि निरंजनला लातूरला एक बायको होती.

मला हे जूनमध्ये कळलं. मंडळाच्या फोनवर एका बाईचा फोन आला. आवाज अगदी शांत, पत्त्यातला पिनकोड चुकलाय म्हणून सांगावं तसा.

"तुमच्या यादीत निरंजन हिंगमिरे 'प्रथम वर' म्हणून आहेत. तेवढं दुरुस्त कराल का? मी त्यांची पत्नी. आमची केस चालू आहे, अजून सुटका झालेली नाही."

मी म्हटलं, असं फोनवर कसं मानायचं. तर पाच मिनिटांत लग्नाचा फोटो आला आणि कोर्टाच्या तारखेचा कागद आला. फोटोत मुलाकडची चारच माणसं होती, त्यांत फेटा बांधून अप्पासाहेब स्वतः उभे होते, अक्षता टाकताना.

मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढला.

"मिटत आलंय ते."

"पण मिटलेलं नाही ना, अप्पासाहेब. आपण 'प्रथम' कसं लिहायचं?"

"शालनताई, तुमचं काम काय?"

"नोंदणी."

"टायपिंग," ते म्हणाले. "नोंदणी मंडळ करतं."

मी टायपिंग केलं.

मग निरंजनचं आणि गौतमीचं जमायला लागलं तेव्हा एकदा कुंदाकडे गेले. ती गवार निवडत बसली होती. मला बघून आत गेली, चहा टाकून आली. चेहऱ्यावर असलं तेज की वीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"कुंदे, अजून जरा चौकशी करूया का?"

"कसली?"

"म्हणजे तिकडं पुण्याला तो कसा राहतो, कुणाबरोबर उठतो बसतो…"

तिनं गवारीची शेंग मोडली, पण निवडली नाही. "शालन, तुझ्या रेवतीचा बायोडेटा हिंगमिऱ्यांनी परत पाठवला त्याला दोन वर्षं झाली. आता सोड की ते."

"तसं नाही गं."

"मग कसं आहे? माझ्या पोरीचं चांगलं होतंय तर गावात सगळ्यांच्या आधी तू हसायला पाहिजेस."

मी हसले. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे गावभर तोंडपाठ असतं. पण ती द्राक्षं खरोखरच किडलेली असली तर कोल्ह्यानं काय करावं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तर, शनिवारी साडेतीन वाजता शंभर टक्के झाले. नवी सिस्टिम आली. पडद्यावर डोंगर, समुद्र, निळं आकाश. सरांनी दोन्ही हात जोडले. मग मी स्थळांच्या प्रोग्रॅमच्या चित्रावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत एक चौकट आली. हा प्रोग्रॅम या सिस्टिमवर चालणार नाही.

सरांनी फॅन जवळ ओढला. "थांबू जरा. नवीन जागा आहे, रुळेल."

पाव तास आम्ही त्याला रुळू दिलं. तो रुळला नाही. मग सरांनी खिशातला पेनड्राइव्ह काढला, लावला, एकेका चित्रावर दाबून बघितलं. एकही उघडेना.

"हे बघा शेटेबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "अप्पासाहेबांना आत्ताच काही सांगायला नको."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही मंगल कार्यालयात जाऊन उद्याचा माइक बघून या. तोवर मी इथं बसते."

माइक त्यांच्या आवडीचा. लगेच गेले.

मी माझ्या पेनड्राइव्हवरची फाइल घेतली आणि तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये सरळ उघडली. असं उघडता येतं, हे मी एका व्हिडिओत बघितलं होतं, पण कधी केलं नव्हतं. आधी सगळी अक्षरं वेडीवाकडी आली, चारशे बारा माणसं एका वेळी तारस्वरात भांडत असल्यासारखी. मग जुना मराठी फॉन्ट शोधून टाकला आणि एकेक जण माणसात आला. नाव, वय, उंची, शिक्षण, मामेकुळ, अपेक्षा. सगळे आले. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच खुर्चीवरून उठले आणि परत बसले.

मग सरकत सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत गेले. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, शेरा.

जुन्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्याची एक चौकट होती. तिच्यात लिहिलेलं कधी छापून यायचं नाही, यादीत दिसायचं नाही. फक्त नोंद करणाऱ्याला दिसायचं. नोंद करणारी मीच. मग अकरा वर्षं मी तिथं मोकळेपणानं लिहीत आले होते. घरी कुणी विचारत नाही, मंडळात कुणी विचारत नाही, माणसानं कुठंतरी तर बोलावं. आता प्रोग्रॅम गेला होता आणि चौकट गेली होती. शेरे मात्र उघड्यावर, सगळ्यांच्या नावांशेजारी, रांगेत उभे होते.

'उंची पाच-सात लिहिली आहे. बुटांसह.'

'मुलगी पुढं शिकायचं म्हणते. आई नाही म्हणते. मुलगी जिंकेल.'

'मुलाची आई फोनवर फार गोड. गोड लोकांना जपून.'

'घर चांगलं. देवघरापेक्षा स्वयंपाकघर मोठं.'

'पगार सांगताना वडिलांनी डोळे मिटले.'

गुळवे सरांच्या धाकट्याचंही स्थळ होतं. त्याच्यापुढं: 'मुलगा गुणी. वडील तांत्रिक.'

उद्या हे सगळं बारा फुटी पडद्यावर, सहाशे माणसांसमोर. आणि वाचायला गुळवे सर. सर जे समोर असेल ते वाचतात, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. आधी वाचतात, अर्थ मागाहून लावतात, तोही कुणी मागितला तरच. एकदा नेत्रदान शिबिराच्या आभारात त्यांनी 'इथे अध्यक्षांचे नाव घालावे' हेही मोठ्यानं वाचलं होतं.

सगळा रकाना एका फटक्यात काढता येतो, हे मला माहीत होतं. पण अकरा वर्षं मी ज्यांच्याशी बोलले ती ही एवढीच जागा. मी एकेक शेरा वाचला आणि एकेक पुसला. सर परत आले तेव्हा मी तीनशेच्या पुढं होते.

"काय पुसताय?"

"कचरा आहे, सर."

"येणारच," सर म्हणाले आणि खुर्चीत टेकले. "जुन्यातून नव्यात येताना कचरा वर येतोच. आमच्या खात्यात पण असंच व्हायचं."

त्यांना यादी दाखवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत अभिमानानं बघितली. मेळाव्याच्या क्रमाप्रमाणे गौतमी आणि निरंजनच्या दोन ओळी मी सगळ्यांत वर घेतल्या, लॅपटॉप मिटला आणि घरी जाऊन आमटी टाकली.

रविवारी अकरा वाजता कार्यालय भरलं. स्टेजवर दोन खुर्च्या सजवलेल्या, एकीवर निरंजन, एकीवर गौतमी. तिनं अंजिरी रंगाची साडी नेसली होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती. तीन वाजता दुकानात परत जायचं होतं म्हणे. खाली पहिल्या रांगेत कुंदा, मांडीवर कुंकवाचं तबक. अप्पासाहेबांच्या हातात एक माइक, गुळवे सरांच्या हातात दुसरा. मी कोपऱ्यात लॅपटॉपपाशी.

प्रोजेक्टरनं या खेपेला ओळख दिली. पडदा उजळला, टाळ्या पडल्या. सरांनी घसा साफ केला.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी गौतमी. वय सव्वीस. शिक्षण बी. फार्म. मामेकुळ, महाजन, वैराग. शेरा, काही नाही." त्यांनी श्वास घेतला. "चिरंजीव निरंजन. वय एकतीस. स्वतःची कंपनी. उंची पाच-आठ. प्रथम वर. मामेकुळ, कल्याणी, उदगीर. शेरा, लातूरला पत्नी आहे, केस चालू, पुढील तारीख चौदा."

आणि माइक खाली घेतला, टाळ्यांसाठी.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेत कुणीतरी एकट्यानं सवयीनं सुरू केली होती, ती मध्येच थांबली.

"काय वाचताय ओ?" अप्पासाहेब म्हणाले.

"जे आहे ते, साहेब." सर पडद्याकडे वळले आणि आता अर्थ लावायला लागले. त्यांचा चेहरा खालून वर पांढरा होत गेला.

अप्पासाहेब कसलेले. लगेच सभेकडे वळले. "बंधूंनो, भगिनींनो, कालच आपण लॅपटॉपमध्ये नवी सिस्टिम टाकली. तांत्रिक बिघाड आहे. कुणी मनावर घेऊ नये."

"बरोबर," सर म्हणाले. "जुन्यातून नव्यात येताना कचरा वर येतो. सगळीकडे येतो."

लोक हलले, सैल झाले. दोघंतिघं हसलेही. यंत्र चुकतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. लाइटचं चुकीचं बिल कुणाला आलेलं नाही? आणखी अर्ध्या मिनिटात नारळ निघाला असता. मी कोपऱ्यात बसून ते अर्धं मिनिट बघत होते आणि माझ्या तोंडात मिठाची गुळणी होती.

अप्पासाहेब माझ्याकडे आले, वाकले, आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बिघाड ते कळलं. पण यंत्राला लातूर कुणी सांगितलं? घरातल्या चार माणसांशिवाय कुणाला माहीत नाही." पाचवी मी, ते त्यांनी नुसतं डोळ्यांनी सांगितलं.

माइक त्यांच्या हातातच होता. आदल्या दिवशी गुळवे सरांनी तो स्वतः तपासलेला, त्यामुळे फार छान चालत होता. दबका आवाज हॉलभर गेला, मागं आचाऱ्यांपर्यंत गेला, बाहेर गाड्या लावणाऱ्यांपर्यंत गेला.

कुंदा उठली. तबक खुर्चीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि स्टेजच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बालवाडीतल्या बाईला माइक लागत नाही.

"अप्पासाहेब, चार माणसं कोण कोण?"

अप्पासाहेबांनी माइककडे बघितलं, साप असावा तसं.

गौतमी खुर्चीतच होती. तिनं निरंजनकडे मान वळवली. "तिचं नाव काय?"

साधा प्रश्न होता. निरंजननं तोंड उघडलं आणि चुलत्याकडे बघितलं. बायकोचं नाव सांगायला जो चुलत्याची परवानगी बघतो, त्याच्याबद्दल आणखी काही विचारायचं गौतमीला राहिलं नसावं. ती उठली, हातातला हार खुर्चीच्या पाठीवर घातला, आईचा दंड धरला आणि दोघी मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. सहाशे माणसांनी पाय आत घेऊन वाट दिली.

जेवणं झाली. बेत चांगला होता.

गुरुवारी मंडळाची बैठक झाली. तिच्यात गुळवे सरांनी अर्ध्या पानाचा तांत्रिक अहवाल मांडला. नव्या सिस्टिमच्या आगमनामुळे जुन्या सिस्टिममधील अनावश्यक मजकूर वर आला, पुसताना एक ओळ नजरचुकीने राहिली, मानवी हस्तक्षेप आढळला नाही. अहवाल मीच टाइप केला. अप्पासाहेब तो वाचून बराच वेळ माझ्याकडे बघत होते. पण मी काही केलं असं म्हणायचं, तर लातूर मला कुणी सांगितलं हेही निघालं असतं, आणि जूनमध्ये मी कुणाकडे गेले होते हेही. त्यांनी सही केली. पुढच्या वर्षी पत्रिकेतून 'विशेष सहकार्य' गेलं आणि मंडपवाला एक ओळ वर आला.

आता आठ वर्षं झाली. गौतमीनं सोलापूरला स्वतःचं दुकान टाकलं आणि लग्न तिच्या मनानं केलं, मंडळाची मदत न घेता. रेवतीचंही झालं. गुळवे सर आजही मला रस्त्यात थांबवून विचारतात की एवढ्या चारशे बारांत नेमका तोच शेरा कसा राहिला असेल. मी म्हणते, सर, सिस्टिमच नवी होती. ते म्हणतात, तेच म्हणतो मी.

त्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी कुंदा माझ्या घरी आली. ओट्याशी उभी राहिली, बसली नाही.

"एवढं मोठं गाव," ती म्हणाली. "त्या चार माणसांचं सोड, ती त्यांचीच. पण आणखी कुणाला तर माहीत असेल की नाही? एकानं येऊन सांगितलं नाही, शालन. शेवटी एका डब्याला दया आली."

मी गॅस बारीक केला. "तुला कुणी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

ती विचार करत राहिली. कुंदा खोटं बोलत नाही, म्हणून तिला वेळ लागतो.

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण सांगायला पाहिजे होतं."

मी तिला काही बोलले नाही, आजपर्यंत बोलले नाही. नजरचूक झाली नव्हती. त्या शनिवारी चारशे अकरा शेरे मी पुसले आणि एकावर थांबले. तोही पुरता ठेवला नाही. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं ठेवलं, ते सरांनी वाचलं. दुसरं मी पुसलं, कारण ते निरंजनबद्दल नव्हतं. ते असं होतं: 'कुंदाला सांगायला गेले होते. चहा पिऊन आले.'